टूटू मास्तरची पोर

आमच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोती ऐकू येत नसे. आई म्हणायची, चुलीपुढे बसून, पुटपुटल्यासारखी. पण ते देवालाही ऐकू जात असेल असं मला वाटत नाही, कारण नेमक्या त्याच वेळी बाहेर ओसरीवर पंधरावीस बाप्ये एका सुरात बोंबलत असत. टू गो, जाणे. टू गो अप, वर जाणे. टू गो डाउन, खाली जाणे. टू गो आउट, बाहेर जाणे. त्या सगळ्यांच्या वर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घोगरा आवाज. चिंचवडात आम्हाला आडनावानं कुणी ओळखत नव्हतं. आप्पा टूटू मास्तर, आई टूटू मास्तरीण, आणि मी टूटू मास्तरची पोर. नदीवर धुणं घेऊन गेलं की पलीकडची पोरं भोंग्यासारखी टूऽटूऽ करून ओरडायची आणि मी हातातली चिंधी त्यांच्यावर भिरकवायची. आज मी ऐंशीच्या पुढे गेले आहे, जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवून पेन्शन खाते आहे, वाकडला नातीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात राहते. पण खाली सोसायटीच्या कार्यक्रमात कुणी माइकवरून 'स्टँड अप' म्हणालं की अजून माझ्या पोटात ढवळतं. नात म्हणते, आजी, सोड ना आता ते. सोडायला काय झालं? मळमळ काही माणसाला विचारून येत नाही.

त्या वेळी पिंपरी-चिंचवड म्हणजे आजचं हे नव्हे. रेल्वेच्या पलीकडे माळ होता, बाभळी होत्या, आणि त्या माळावर एकामागून एक कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांना वाटायचं, आता आपल्याला आत घेतील. कुणीतरी आवई उठवली की ज्याला इंग्रजी येतं त्याला साहेब खुर्चीचं काम देतो, आणि ज्याला येत नाही त्याच्या हातात घमेलं. झालं! सरकारनं सातवीपर्यंतचं इंग्रजी शाळांतून काढून टाकलेलं. मग ते शिकायचं कुठं? टूटू मास्तरच्या ओसरीवर. आप्पा सकाळी लोकल बोर्डाच्या शाळेत मुलांना पाढे शिकवत आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी. पिंपळे गुरवहून, आकुर्डीहून, भोसरीहून माणसं सायकलीवर येत. कुणी शेतातून थेट आलेला, पायाला चिखल तसाच. कुणी डेपोत हमाली करून आलेला. सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, आणि सगळ्यांच्या गालफडात तंबाखू.

आप्पांची एक पद्धत होती आणि ती पद्धत त्यांना पोटच्या पोरांपेक्षा लाडकी होती. ते म्हणत, इंग्रजाचं क्रियापद म्हणजे गाडीचा बैल. नुसतं टू म्हणून उभं केलं तर उभं राहतं. खरी गंमत शेपटीत आहे. शेपटी पिरगाळली की बैल वळतो. पुट म्हणजे ठेवणे. त्याला ऑन लावा, अंगात घालणे. आउट लावा, विझवणे. ऑफ लावा, पुढे ढकलणे. बैल तोच, शेपट्या वेगळ्या. यात खोटं काही नव्हतं. मी पुढं पस्तीसेक वर्षं हेच शिकवलं आणि मुलं इथंच अडखळायची. खरं तर आपणही मराठीत हेच करतो, फक्त शेपटीऐवजी दुसरं क्रियापद जोडतो. देऊन टाक, खाऊन घे, पडून राहा. हे जर आप्पांनी त्या माणसांना सांगितलं असतं तर निम्म्या वेळात सगळ्यांना समजलं असतं. पण समजावून सांगणं आप्पांना कमीपणाचं वाटे. त्यांच्या पद्धतीत डोक्यानं शिकायचंच नव्हतं, अंगानं शिकायचं होतं. टू स्टँड अप म्हटलं की सगळ्यांनी उठायचं. टू सिट डाउन, बसायचं. टू टर्न राउंड, गोल फिरायचं. टू पुट ऑन, टोपी घालायची. टू टेक ऑफ, टोपी काढायची. चाळिशीतले, मिशा पिकलेले बाप्ये ओसरीवर ऊठबशा काढत आणि आप्पा छडीनं ताल धरत. चुकला की छडी पोटरीवर. कुणी तोंडातून ब्र काढत नसे, कारण साहेबाच्या खुर्चीचा रस्ता याच ओसरीवरून जातो अशी सगळ्यांची खात्री होती.

आणि ते थुंकणं! त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. तोंडात तंबाखू असताना 'टू' म्हणून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते समजेल. दर क्रियापदाला तुषार उडायचे. ओसरीच्या कोपऱ्यात पितळेची मोठी पिकदाणी ठेवलेली असे, ती तासाभरात भरायची. तिच्या काठाशी जमलेला तो तांबूस फेस, त्यात बुडालेल्या विड्यांची थोटकं, आणि नेम चुकल्यावर भिंतीवरून सावकाश खाली येणारे ओघळ. ती पिकदाणी रिकामी करून राखेनं घासायचं काम माझं. श्वास रोखून परसात न्यायची, उकिरड्यावर ओतायची, आणि त्याच हातांनी, कितीही धुतले तरी त्याच हातांनी, आईनं वाढलेली भाकरी मोडायची. आई हुलग्याचं माडगं करायची, लसणीची फोडणी दिलेलं, वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. वर्ग चालू असेपर्यंत ते माझ्या घशाखाली उतरत नसे. वर रेल्वेपलीकडून वारा सुटला की कारखान्यातल्या कसल्याशा रसायनाचा आंबूस वास यायचा. आप्पा छाती भरून तो वास घेत आणि म्हणत, प्रगती येतेय, प्रगती. मी मनात म्हणायची, डोंबल तुमची प्रगती, इथं माझं जेवण राहिलंय.

आई मावळातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण रोज रोज ऐकून तिलाही निम्मा वर्ग पाठ झालेला. भाकरी थापताना ती कधी कधी मला आतून हळूच विचारी, आज कुठली शेपटी? एकदा आप्पांनी पुट अप विथ शिकवायला घेतलं. दोन शेपट्यांचा बैल, म्हणाले, अर्थ सोसणे, खपवून घेणे. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "सोसाया इंग्रजान्ला दोन दोन शेपट्या लागत्यात व्हय? आमाला तर एक बी लागत न्हाई." मी पदर तोंडात कोंबून हसले. माझी धाकटी बहीण बेबी, सहासात वर्षांनी लहान, तिला काही कळलं नाही, पण मी हसतेय म्हणून तीही लोळून लोळून हसली. घरात हसण्याची जागा तेवढीच, चुलीपुढची.

मी स्वतः आप्पांची सगळ्यात मोठी कमाई होते. आठवीत जायच्या आधीच सगळे बैल मला शेपट्यांसकट तोंडपाठ होते. आप्पा मला चौरंगावर उभी करत आणि मी हुकूम सोडत असे. बाप्ये उठत, बसत, फिरत. लहानपणी मला त्याची मोठी मजा वाटे, खोटं कशाला बोला. पण हायस्कुलात गेले, तिथं एका बाईंनी आम्हाला इंग्रजी वाचायला दिलं, वाचून त्याचा अर्थ काय, तुम्हाला काय वाटतं ते विचारलं, आणि माझे डोळे उघडले. भाषा बोलायला असते! समोरच्याला काहीतरी सांगायला असते! मला मॅट्रिक व्हायचं होतं. पुण्यात माझी मावशी होती, नवरा गेल्यावर नर्सचं शिकून दवाखान्यात नोकरी करणारी, स्वतःची खोली भाड्यानं घेऊन राहणारी. तिच्यासारखं आपल्या पायावर उभं राहायचं, आणि त्याला मॅट्रिकचा कागद लागतो, एवढं मला पक्कं कळलं होतं. आप्पांनीही तोंड भरून सांगितलं होतं, आधी मॅट्रिक, मग लग्नाचं बघू. मी दहावी संपवून अकरावीत, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकच्या वर्गात, जाणार होते. तेवढंच एक वर्ष मला हवं होतं, बाकी काही नको होतं.

त्याच सुट्टीत कारखान्यातल्या हेडक्लार्कांचं आप्पांकडे येणंजाणं सुरू झालं. हे गृहस्थ पुण्याहून रोज गाडीनं येत, काळा कोट घालत, दर वाक्यात एक इंग्रजी शब्द पेरत. त्यांचा भाचा त्याच कारखान्यात हिशेबखात्यात लागलेला होता. मुलगी इंग्रजी बोलणारी पाहिजे, कारण उद्या साहेबाची मड्डम चहाला आली तर घरच्या बाईला दोन शब्द बोलता आले पाहिजेत, असं हेडक्लार्कांचं म्हणणं. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी आप्पांच्या कानात सोडली होती. कारखान्यातच कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग काढायचा विचार आहे, त्याला मास्तर लागेल, आपण शब्द टाकू. पण साहेबांना आधी तुमच्या पद्धतीचा काही दाखला दाखवता आला पाहिजे. आप्पा त्या दिवसापासून जमिनीवर चालेनात. जन्मभर लोकल बोर्डाच्या शाळेत पोरांची नाकं पुसलेला माणूस, त्याला कारखान्याच्या फाटकातून आत जायचं होतं, गळ्यात पास अडकवून. ही इच्छा मी आज समजू शकते. त्या इच्छेपायी त्यांनी जे केलं ते मला आजही समजून घ्यायचं नाही.

मला दाखवायचं ठरलं ते मला कुणी सांगितलंच नाही. आई सकाळी परातभर पोहे निवडायला बसली आणि आप्पांनी ओसरीची भिंत चुन्यानं पोतून घेतली, त्यावरून मी ताडलं. मी आप्पांना गाठून विचारलं, मॅट्रिकचं काय? तर ते म्हणाले, अगं, बघितलं म्हणजे लगेच अक्षता पडतात का, आणि पडल्या तरी शिकलेल्या घरात जातेस, शिकवतील ते. मग हात चोळत, अगदी खुशीत येऊन म्हणाले, इंदू, मुलगी आणि पद्धत, दोन्ही एकाच बैठकीत दाखवून होतील. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची शिसारी आली. तोपर्यंत राग यायचा, कंटाळा यायचा. शिसारी नव्हती आली. धान्याच्या दुकानात मूठभर गहू काढून हातावर दाखवतात ना गिऱ्हाइकाला, तशी मी वाणगी होते, आणि खरा माल आप्पांची पद्धत.

ती मंडळी आली. हेडक्लार्क, त्यांची बायको, भाचा, आणि भाच्याचा एक मित्र. पोहे झाले, चहा झाला. मी आईची हिरवी नऊवारी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन पाटावर बसले. त्या काळी मुलगी बघायला आलेले लोक तिला चालायला लावत, म्हणजे लंगडते का ते कळावं. सुईत दोरा ओवायला लावत, म्हणजे डोळे कळावेत. केस सोडून दाखवायला लावत, म्हणजे गंगावन नाही ना ते कळावं. हे सगळ्याच मुलींच्या वाट्याला येई आणि सगळ्या दात आवळून करत. मीही केलं असतं. पण आप्पा मध्येच उठले आणि म्हणाले, थांबा, आमच्याकडे हे जुन्या पद्धतीनं व्हायचं नाही, तुम्हाला जे बघायचंय ते इंग्रजीतून सांगा, मुलगी करून दाखवेल. आणि स्वतःच सुरुवात केली. टू स्टँड अप. मी उठले. टू कम फॉरवर्ड. पुढे आले. टू पिक अप. सुपारीचं तबक उचललं. टू पुट डाउन. ठेवलं. आप्पांचा चेहरा असा खुलला होता जणू साक्षात सरस्वती ओसरीवर अवतरलीय.

हेडक्लार्कांना त्यात गोडी वाटायला लागली. ते लोडाला टेकले, पाय पसरले आणि म्हणाले, आता आम्ही सांगतो. टू टर्न राउंड, म्हणाले. मी फिरले. पुन्हा, म्हणाले, सावकाश. मी पुन्हा फिरले. त्यांनी तोंडातला विडा या गालातून त्या गालात सारला, पिकदाणी जवळ ओढली आणि अडकित्त्यावरची सुपारीची खांडं मुद्दाम जमिनीवर सांडली. टू बेंड डाउन. टू पिक अप. मी वाकून एक एक खांड उचलत होते आणि माझ्या पाठीवर चार माणसांची नजर फिरत होती, हे डोळ्यांनी बघावं लागत नाही, कातडीला कळतं. भाच्याचा मित्र फिदीफिदी हसला. भाचा स्वतः बोटानं सतरंजीचं सूत उचकटत बसलेला. त्यानं मान वर केली ती मित्राबरोबर हसायला. बायको तेवढी म्हणाली, पुरे हो आता. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. विड्याची लाळ हेडक्लार्कांच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आली होती. ती तळव्यानं पुसून त्यांनी बोट माझ्या डोक्यावरच्या पदराकडे केलं आणि म्हणाले, टू टेक ऑफ.

मी आप्पांकडे बघितलं. मला अजून वाटत होतं, आता ते थांबवतील. केस बघायचे तर बाई आत नेऊन बघेल, चार पुरुषांसमोर पदर उतरवायला कुणी सांगत नसतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी एकदा हेडक्लार्कांकडे बघितलं, एकदा आतल्या दाराकडे, जिथं आई बेबीला धरून उभी होती. मग छडी उचलली, जमिनीवर एकदा आपटली, आणि वर्गात म्हणत त्याच चालीवर म्हणाले, "टू टेक ऑफ, काढणे." पुढं हळूच, लाडानं, "काढ, इंदू."

मी नाही काढला. पण धडधडीत नाहीही म्हणाले नाही. तेवढं बळ कुठलं. पोटातून काहीतरी वर आलं आणि मी पदर तोंडाशी धरून आत पळाले, मोरीत बसले आणि ओकले. सकाळपासून पोटात फार काही नव्हतं, तरी ओकत राहिले. आतडी पिळून निघाली. घर केवढंसं, मोरीतला आवाज ओसरीवर जसाच्या तसा जात होता. आणि मग हेडक्लार्कांचा आवाज आला, खाली उतरलेला, तेलकट. मास्तर, म्हणाले, तुमच्याकडे रोज संध्याकाळी पंधरावीस बाप्ये येतात, नाही का. मुलीची तब्येत ठीक आहे ना? की काही वेगळंच?

त्याचा अर्थ कळायला मला क्षणभर लागला. आप्पांना लगेच कळला असावा. ते काय बोलतात म्हणून मी मोरीत कान टवकारून बसले. ते म्हणाले, छे छे, पित्त असेल, तिला पित्ताचा त्रास आहे. पित्त! मग माझ्यामागोमाग मोरीशी आलेली आई मला ओलांडून बाहेर गेली. परपुरुषांसमोर उंबऱ्याबाहेर कधी न आलेली माझी आई, पीठ लागलेल्या हातांनी ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"तुमाला बघून मळमळलं तिला," म्हणाली. "दुसरं काय बी न्हाई. चहा झाला आसंल तर निगा."

मंडळी निघून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण आप्पांना वाटत होतं अवलक्षण आम्ही दोघींनी केलं. गावात बोलवा व्हायला कितीसा वेळ लागतो? टूटू मास्तरच्या पोरीला दिवस गेलेत, दाखवायला बसवली तर भर बैठकीत ओकली. नदीवरच्या बायका मला बघून आवाज खाली आणायला लागल्या. वर्गातले बाप्ये माझ्याकडे बघेनासे झाले, आणि जे बघत ते नको तसं बघत. हे सगळं मी गिळलं असतं. पण एका सकाळी आप्पा परसदारानं गल्लीतल्या सुईणीला घेऊन आले. म्हणाले, नुसती खात्री करून घेऊ, म्हणजे लोकांची तोंडं बंद करता येतील. लोकांची! त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं खात्री कुणाला हवी होती ते. मला चालायला शिकवलेल्या, पाटीवर अक्षर गिरवून घेतलेल्या माझ्या बापाला. आईनं सुईणीला चहा दिला, तिच्या पोराबाळांची चौकशी केली आणि तशीच परत पाठवली. त्याच दिवशी तिनं दूधवाल्याबरोबर पुण्याला मावशीकडे निरोप धाडला. मावशी आली, काही विचारलं नाही, माझी ट्रंक उचलली. आप्पा शाळेत होते. मी तशीच निघाले.

पुण्यात मी मॅट्रिकचं वर्ष केलं. मावशी ड्युटीवरून दमून आली की मी तिला गरम पाणी द्यायची आणि ती पाय शेकत माझ्याकडून इतिहास म्हणून घ्यायची. त्या खोलीत संध्याकाळी कुणी ओरडत नसे. पहिले काही दिवस मला त्या शांततेत झोप येईना, मग अशी यायला लागली की मावशी हलवून उठवी. मी वाचलेलं समजून घेतलं आणि मला स्वतःच्या शब्दांत लिहिता येऊ लागलं. पास झाले, इंग्रजीत चांगल्या मार्कांनी. एका शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची नोकरीही लागली. आप्पा त्या सगळ्या वर्षात एकदाही आले नाहीत. पण निकालाचं कळल्यावर त्यांनी चिंचवडात पेढे वाटले, असं कुणीकुणी येऊन सांगितलं. मी बावळट, मला भरून आलं. वाटलं, वर्षभर एकटे बसून विचार केला असेल, त्यांनाही लागलं असेल. रविवार बघून मी घरी गेले. आप्पांसाठी एक चांगलं उपरणं घेतलं होतं.

गल्लीत शिरले तेव्हा सकाळ होती, तरी ओसरीवरून तोच ताल येत होता. बाप्यांचा नव्हे, मुलींचा आवाज. आप्पांनी नवा वर्ग काढला होता, लग्नाच्या मुलींसाठी. पेढे वाटताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे की मुलगी मॅट्रिक झाली ती आपल्या पद्धतीनं. कारखान्यातल्या नोकरदारांना इंग्रजीवाली बायको हवी, मग पद्धतीला मरण नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय म्हणायचं. समोर सतरंजीवर कुणी दोन कोटवाले गृहस्थ चहा पीत बसले होते, आणि त्यांच्यासमोर चौरंगापाशी, वाणगी म्हणून, बेबी. माझी बेबी, परकर-पोलक्यातली, दोन वेण्या घातलेली. टू टर्न राउंड म्हटलं की ती गिरकी घेत होती. टू बेंड डाउन म्हटलं की वाकत होती. आणि हसत होती. प्रत्येक हुकमानंतर त्या पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होती, शाबासकी मिळते का म्हणून. माझ्या घशाशी तेच आंबट पुन्हा आलं. मी ते गिळलं. या वेळी ओकून भागणार नव्हतं.

आप्पांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला वाटलं, हे उठून जवळ घेतील. ते पाहुण्यांना म्हणाले, हीच ती, मॅट्रिक झालेली. आणि मला म्हणाले, ये, ये, बरी आलीस, जरा करून दाखव. मी ओसरी चढले, बेबीचा हात धरला आणि म्हटलं, चल. आई आतल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तू पण चल म्हणून. तिनं मान हलवली. "माजं हितंच हाय," म्हणाली. "हिला ने." खुंटीवरची बेबीची शाल काढून तिनं माझ्या खांद्यावर टाकली आणि आत गेली.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून छडी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आप्पांचा, टू कम बॅक, टू कम बॅक. बेबीचे पाय थांबले. मान वळायला लागली. हुकूम झाला की वळायचं एवढंच तिला ठाऊक होतं. मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, आता काही करून दाखवायचं नाही बाळा, नुसतं चालायचं. आप्पा आणखी एकदा तेच ओरडले, आवाज फाटला होता, रडवेला झाला होता बहुतेक. मी स्टेशनापर्यंत कान मागे ठेवून चालत होते. एकदा जरी त्यांनी इंदू म्हणून हाक मारली असती, तरी मी वळले असते.